बॅरलमधली अळी आणि निंबोळीचा अर्क

सोलापुरात घरातली कामे वारावर ठरत नाहीत, पाण्यावर ठरतात. नळाला पाणी कुठे तीन दिवसांआड, कुठे चार, कुठे पाच. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीत पाणी असते, पण ते आपल्या गल्लीत शिरेल तेव्हा खरे. पहाटेचे चार वाजोत की रात्रीचे अकरा, घरातल्या कुणीतरी जागे राहायचे आणि हाताला लागेल ते भांडे भरून ठेवायचे. विणकरांच्या वस्त्यांत दारापुढे प्लॅस्टिकचे बॅरल, जुन्या पेठांतल्या वाड्यांत दगडी हौद, नव्या इमारतींच्या गच्चीवर काळ्या टाक्या, आणि सगळीकडे घागरी, कळश्या, बादल्या.

याच गावात आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतो. त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करावीत, घासावीत, वाळवावीत. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण ज्या बाईने चार दिवस एकेक कळशी मोजून वापरली, तिला बॅरलच्या तळाचे पाणी गटारात ओता म्हणणे सोपे नसते. ती तळाचे पाणी राखून ठेवते, कारण उद्या नळ आलाच नाही तर? नवे पाणी ती त्या जुन्यावरच ओतते. आणि डासाची अळी तळच्या पाण्यात निवांत वाढत राहते.

हिशेब साधा आहे. सोलापूरच्या उकाड्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पाण्याचा फेरा त्याहून लहान. दर फेऱ्याला बॅरल खरोखर रिकामा झाला तर हिवतापाचा डास त्यातून कधी बाहेर पडणारच नाही. गावात पाऊस बेताचा, दलदल नाही, भातखाचरे नाहीत. तरी डास आहेत, आणि ते पाण्याच्या टंचाईने पोसलेले आहेत.

बॅरलमध्ये डोकावून पाहिले तर कोणता डास आहे तेही कळते. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगत असेल तर ती ॲनॉफिलीसची, म्हणजे हिवतापाच्या डासाची. डोके खाली करून तिरकी लोंबत असेल तर एडीस किंवा क्युलेक्सची. एडीस डेंग्यूचा, क्युलेक्स हत्तीरोगाचा. आज सोलापूरकरांना धास्ती डेंग्यूची जास्त आहे. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यावर आहे, सोलापूरवर नाही. पण शहरी हिवतापाचा डास, ॲनॉफिलीस स्टिफेन्सी, अशाच गावांचा रहिवासी आहे. त्याला स्वच्छ साठवलेले पाणी आवडते. विहीर, हौद, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, बांधकामावरचे पाणी.

हा डास जगापुढे आला तोही आपल्याच मुलखातून. १९०१ साली ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टराने वऱ्हाडातल्या एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, त्याची नोंद केली. त्याआधी चारच वर्षे, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलीसच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला होता. हुसेन खान नावाच्या रुग्णाने त्यासाठी स्वतःला डास चावून घेतले, डासामागे एक आणा घेऊन. आता एलिचपूरचा हा डास आफ्रिकेत पोचला आहे. २०१२ मध्ये जिबूतीत तो सापडला, मग इथिओपियात. २०२२ साली इथिओपियातल्या दिरे दावा या कोरड्या शहरात हिवतापाची साथ आली ती त्याच्यामुळे. आफ्रिकेतला जुना हिवताप खेड्यांचा होता. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरांत तो नेण्याचे काम स्टिफेन्सीने केले. जागतिक आरोग्य संघटनेला त्यासाठी वेगळी मोहीम आखावी लागली.

अशा डासावर रासायनिक औषधांऐवजी झाडापाल्याचे औषध चालेल का, हा प्रश्न गेली काही वर्षे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत पुन्हापुन्हा विचारला जातो. जळगावच्या विद्यापीठात चित्रक, रातराणी, हिंगणबेट अशा वनस्पतींचे अर्क एडीस आणि स्टिफेन्सीच्या अळ्यांवर तपासले गेले. पांढऱ्या-लाल चाफ्याच्या चिकापासून चांदीचे अतिसूक्ष्म कण करून त्यांचीही चाचणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुगंधी तेलांवर काम झाले. काचेच्या पेल्यातले निकाल बहुतेक उत्तम येतात. पेल्यातून बॅरलपर्यंतचा प्रवास मात्र फार थोड्या अर्कांनी केला आहे.

एका वनस्पतीने तो प्रवास फार पूर्वीच केला, आणि आपण ते विसरलो आहोत. गल्लीत डेंग्यूचा किंवा हिवतापाचा रुग्ण सापडला की महापालिकेचा माणूस पाठीवर पंप घेऊन घरात शिरतो, कपाटामागे, पलंगाखाली फवारतो. त्या पंपात बहुधा पायरेथ्रम असते, शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलाचा अर्क. दोन टक्के अर्क एक लिटर आणि केरोसीन एकोणीस लिटर, हे प्रमाण देशभरच्या हिवताप विभागांत ठरलेले आहे. ज्याला आपण 'पालिकेचे केमिकल' म्हणून नाक धरतो त्यातला मारक भाग फुलातून येतो. नाकाला झोंबतो तो केरोसीनचा वास.

हे फूल मूळचे ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या डाल्मेशियाचे. जपानमध्ये ऐइचिरो उएयामा यांनी १८९० च्या सुमारास त्याची भुकटी घालून डासांची उदबत्ती केली. ती लवकर जळून जाई, म्हणून तिला गुंडाळीचा आकार दिला. कछुआछापपासून आजच्या कॉइलपर्यंत सगळ्यांचा जन्म तिथला. पुढे फुलाची शेती केनियाने मोठी केली. फुलातले पायरेथ्रिन डासाच्या मज्जातंतूंवर घाला घालते, डास क्षणात आडवा होतो. मात्र उजेडात ते काही तासांत विरते. माणसाला आणि गुराढोरांना त्याचा धोका कमी, पण भिंतीवर टिकाव नाही. टिकावासाठी रसायनशास्त्रज्ञांनी त्याच रेणूच्या नकला केल्या. १९४९ मध्ये ॲलेथ्रिन, सत्तरच्या दशकात परमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन. आज कॉइल, लिक्विडची बाटली आणि औषध लावलेली मच्छरदाणी यांत या नकलाच, म्हणजे पायरेथ्रॉइड, असतात. फूल बाहेर गेले, आकार राहिला.

इथे एक अडचण आहे आणि ती 'नैसर्गिक'च्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. पायरेथ्रिन, त्याच्या सगळ्या नकला आणि डीडीटी हे तिघे डासाच्या मज्जातंतूतल्या एकाच दारावर धडकतात. डासाने एकदा त्या दाराची घडण बदलली की तिन्हींचा जोर एकदम ओसरतो. म्हणजे नकली औषधाला सरावलेल्या डासावर अस्सल फुलाचा अर्कही दुबळा ठरू शकतो. वनस्पतिजन्य म्हटले की प्रतिकारशक्तीचा प्रश्न सुटला, असे होत नाही.

या प्रश्नाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि कारवार भागात १९४५-४६ पासून घरोघर डीडीटी मारून दाखवले, १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली, पैसा आटला, डास सरावले. १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. त्यानंतर मॅलॅथिऑन आले, त्यानंतर पायरेथ्रॉइड. प्रत्येक औषधाच्या मागून डासाची तयारी आली.

म्हणून वेगळ्या दारावर धडकणारे काही हवे. आपल्याकडे त्याचे नाव सगळ्यांना आधीच माहीत आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही डाळिंबवाल्याला निंबोळी अर्क शिकवावा लागत नाही. पाच किलो निंबोळी कुटायची, रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळायची, शंभर लिटर पाणी करून फवारायची. हा पाच टक्क्यांचा अर्क. दशपर्णीत तर कडुनिंबाबरोबर निर्गुडी, घाणेरी, करंज, रुई, एरंड, सीताफळ, पपई, कण्हेर अशी कुंपणावरची सगळी मंडळी जमतात. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवाणी आणि राय यांनी दाखवले की निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेले पीक टोळ खात नाहीत. त्याआधी सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये निंबिन वेगळे काढले होते. खरा कर्ता रेणू, ॲझाडिरॅक्टिन, १९६८ मध्ये इंग्लंडात वेगळा झाला. तो इतका गुंतागुंतीचा की प्रयोगशाळेत बनवायला २००७ साल उजाडले आणि त्यामागे बावीस वर्षे गेली होती. एका अमेरिकी कंपनीने आणि तिथल्या कृषी खात्याने कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात पेटंट मिळवले. ते २००० मध्ये रद्द झाले, २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. त्या लढ्यात पुणे आणि सांगली भागातल्या शेतांवरचे प्रयोग पुरावा म्हणून पुढे आले होते.

ॲझाडिरॅक्टिन अळीला जागच्या जागी मारत नाही. अळीला वाढताना कात टाकावी लागते, आणि कात टाकण्याचा हुकूम शरीरातले संप्रेरक देते. कडुनिंब तो हुकूमच बिघडवतो. अळी खाणे सोडते, अर्धवट कातीत अडकते, कोषात जाऊन मरते. चार दिवस अळी वळवळताना दिसली म्हणजे औषध फुकट गेले असे नाही, हे फवारणाऱ्यालाही समजावून सांगावे लागते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. निंबोळीत एक रेणू नसतो, डझनावारी असतात. कॅनडात मरे आइसमन यांच्या प्रयोगशाळेत पिकांवरच्या मावा किडीच्या चाळीस पिढ्या शुद्ध ॲझाडिरॅक्टिनवर वाढवल्या, तेव्हा तो नऊपट सहनशील झाला. पूर्ण निंबोळी अर्कावर वाढवलेला मावा मात्र सरावला नाही. शेतकऱ्याचा गाळीव अर्क इथे बाटलीतल्या शुद्ध द्रव्यापेक्षा शहाणा ठरला.

डासांवर काय? राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये कडुनिंबाच्या तेलाचे पाण्यात मिसळणारे मिश्रण प्रसिद्ध केले. स्टिफेन्सीच्या निम्म्या अळ्या मारायला दहा लाख भागांत दीड-पावणेदोन भाग एवढी मात्रा पुरली. उघड्यावरच्या खऱ्या पाणसाठ्यांत ॲनॉफिलीसच्या अळ्या पहिल्याच दिवशी ९८ टक्के घटल्या आणि आठवडाभर वर आल्या नाहीत. आठवडा हा आकडा लक्षात ठेवावा. ऊन लागले की कडुनिंबातली द्रव्ये फुटतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा फवारायला माणूस हवा. टेमीफॉस हे रासायनिक अळीनाशकही, ज्याला आपले कर्मचारी 'अॅबेट' म्हणतात, दर आठवड्यालाच टाकतात. त्यामुळे कष्टाच्या बाबतीत कडुनिंब फार मागे नाही.

तरीही बॅरलमध्ये तो टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅरलचे पाणी लोक पितात. टंचाईत सांडायचे पाणी आणि प्यायचे पाणी वेगळे ठेवण्याइतकी भांडी प्रत्येक घरात नसतात. कडुनिंबाच्या तेलाचा वास आणि कडवटपणा दोन घोटांत कळतो, आणि ज्या घरात पाण्याला वास आला तिथे पुढच्या वेळी आशाताईंना दार उघडले जात नाही. हे झाले व्यवहाराचे. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर पिण्याच्या पाण्यात वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने तपासलेल्या अळीनाशकांत टेमीफॉस आहे, बीटीआय हा जिवाणू आहे, पायरिप्रॉक्सिफेन आहे. कडुनिंब नाही. तान्ह्या मुलांना औषध म्हणून कडुनिंबाचे तेल पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. पानाची चटणी पाडव्याला खातो म्हणून बियांचे तेल रोज प्यावे, असा अर्थ होत नाही.

'झाडाचे आहे, म्हणजे निरुपद्रवी' हा समज मोडायला सोलापूरइतके चांगले गाव नाही. इथे हजारो बायका विड्या वळतात. त्यांच्या सुपातल्या तंबाखूत निकोटिन असते. डीडीटीच्या आधीच्या जगात फुलाचा पायरेथ्रम, मुळांतले रोटेनॉन आणि तंबाखूचे निकोटिन ही तीन मोठी कीटकनाशके होती, तिन्ही वनस्पतींची. यातले निकोटिन माणसालाही मारते. निकोटिन सल्फेट आपल्या देशात वापरायला बंदी आहे, बनवायला परवानगी आहे ती निर्यातीपुरती. तंबाखूचे पाणी करून डबक्यात ओता, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो ऐकू नये. विडीवाल्या घरांच्या हाताला, फुप्फुसाला तंबाखू आधीच पुरेशी लागलेली आहे.

दुसरे उदाहरण बार्शीचे. गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी काढलेला सीताफळाचा 'एनएमके-१ गोल्डन' वाण आज देशभर लावला जातो. सीताफळाचा गर काढणाऱ्या उद्योगांत बिया ढिगाने उरतात. या बियांतली ॲसिटोजेनिन द्रव्ये पेशीतली ऊर्जानिर्मितीच रोखतात, आणि डासाच्या अळ्यांवर ती अतिशय मारक आहेत. हे दारही पायरेथ्रॉइडपेक्षा वेगळे. आपल्या आज्यांना बियांची ताकद ठाऊक होती, उवांसाठी त्या बियांची पूड डोक्याला लावत. त्याच पुडीचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला जबर इजा होते, आणि नेत्रतज्ज्ञांकडे असे रुग्ण येतात. ताकद आणि धोका एकाच बीत आहेत. (कसपटे यांच्या वाणाचे एक वैशिष्ट्य म्हणजे त्यात बिया कमी. खाणाऱ्याला सुख, अर्कवाल्याला तोटा.)

मग या अर्कांची जागा कुठली? जिथले पाणी कुणी पीत नाही तिथली. बंद गिरण्यांच्या आवारातले हौद, पेठांतल्या वापरात नसलेल्या विहिरी, चालू बांधकामांवरची पाण्याची टाकी आणि लिफ्टचे खड्डे, तुंबलेली गटारे. गटारातला क्युलेक्स हिवताप देत नाही, पण रात्रभर चावतो तोच, आणि लोक पालिकेला शिव्या देतात त्या त्याच्याच नावाने. विहिरींत आधी गप्पी मासे सोडावेत, मासे जगत नाहीत तिथे अर्क. कडुनिंबाचा अर्क माशांनाही सर्वस्वी निर्धोक नाही, म्हणून एकाच विहिरीत दोन्ही नकोत. सिद्धेश्वर तलावात आणि संभाजी तलावात तर काहीच ओतू नये. तिथे मासे आहेत, पक्षी आहेत, आणि मोठ्या उघड्या पाण्यात स्टिफेन्सीला फारसा रस नसतो.

दुसरी अट मोजमापाची. शेतीच्या दुकानात निंबोळी अर्क ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम असा ॲझाडिरॅक्टिनच्या आकड्याने मिळतो. शेतकरी तो आकडा पाहून घेतो. घरी केलेल्या अर्काचा आकडा कुणालाच माहीत नसतो. निंबोळी कुठल्या झाडाची, किती पिकलेली, सावलीत वाळवली की उन्हात, बुरशी आली की नाही, यावर ताकद बदलते. शेतात कमी पडले तर पीक थोडे जाते. सार्वजनिक आरोग्यात कमी पडले तर अळ्या उरतात आणि 'आमच्याकडे फवारणी झाली' या भरवशावर लोक झाकणे ठेवायचे विसरतात. पालिकेने असा अर्क घ्यायचा तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेला, आकडा छापलेला आणि तारीख तपासलेला घ्यावा.

निंबोळीचा भावही पाहावा लागेल. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे अस्तर सक्तीचे झाले आणि तेलाला मागणी वाढली. जूनमध्ये झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचणे हे बायकांचे काम. सोलापूरच्या रस्त्यांवर, शाळांच्या आवारांत, शेताच्या बांधांवर कडुनिंब मुबलक आहे. वेचणीचे नीट पैसे मिळाले तर कच्चा माल इथेच आहे.

अंगाला लावायच्या तेलाबद्दल थोडेसे. नारळाच्या तेलात दोन टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून लावले तर ॲनॉफिलीसपासून बारा तास संरक्षण मिळाले, असे १९९३ मध्ये व्ही. पी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. बोलिव्हियातल्या चाचणीत त्याच दोन टक्क्यांना निम्म्याहून थोडे जास्त यश आले, लिंबाच्या वासाच्या निलगिरीला मात्र चार तास जवळपास पूर्ण. म्हणजे जोड म्हणून ठीक, मच्छरदाणीऐवजी नाही. 'हर्बल' लिहिलेल्या बिननोंदणीच्या अगरबत्त्यांपासून तर दूर राहिलेले बरे. त्यांत पाल्याच्या नावाखाली परवानगी नसलेली कृत्रिम पायरेथ्रॉइड सापडलेली आहेत.

सोलापुरात विद्यापीठ आहे, वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आहे, केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, महापालिकेकडे फवारणीची माणसे आहेत. यांनी मिळून दोन प्रभाग निवडावेत. एकात गटारांत आणि पडक्या विहिरींत नोंदलेला निंबोळी अर्क, दुसऱ्यात नेहमीचे औषध, आणि पावसाळ्याचे चार महिने दर आठवड्याला अळ्यांची मोजणी. यासाठी परदेशी निधी लागत नाही. एक पळी, एक पांढरी वाटी आणि मोजणारा प्रामाणिक माणूस लागतो. निकाल वाईट आला तरी तो छापावा. अर्क जिंकला तर तो गटारासाठी घ्यावा. बॅरलच्या प्रश्नाला मात्र त्याचे उत्तर नाही. तिथे घट्ट झाकण, जाड कापड, आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळी येणारे पाणी एवढेच औषध आहे. ते देणे हे महापालिकेचे काम आहे आणि ते कुठल्याही झाडावर ढकलता येत नाही.

वाचकांना एकच विनंती. कडुनिंब डासासाठी ठेवा. थंडी वाजून ताप आला तर त्याचा काढा पिऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध मोफत आहे. व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवसांचे असते आणि प्रायमाक्विन चौदा दिवसांचे. ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी चौदाव्या दिवसाची गोळी घ्यायचीच असते.